नणंदबाईंच्या हिरव्या गोळ्या

यावल तालुक्यातील एका वाचक भगिनीचे पत्र, थोडे संक्षिप्त करून:

"मी ५३ वर्षांची प्राथमिक शिक्षिका आहे. चार वर्षांपूर्वी माझी पाळी थांबली. तेव्हापासून खाणे वाढलेले नसतानाही वजन सात किलोंनी वाढून ६६ किलो झाले आहे. उंची १५२ सेंटिमीटर आणि कमरेचा घेर ९४ सेंटिमीटर आहे. गेल्या महिन्यातील तपासणीत एचबीएवनसी (गेल्या तीन महिन्यांतील सरासरी साखर) ६.१, ट्रायग्लिसराइड (रक्तातील चरबी) १९०, एलडीएल कोलेस्टेरॉल १४२ आणि रक्तदाब १३४/८६ निघाला. थायरॉइडची गोळी सहा वर्षांपासून चालू आहे. डॉक्टरांनी साखरेसाठी मेटफॉर्मिन लिहून दिले आहे व तीन महिन्यांनी बोलावले आहे. आम्ही शाकाहारी आहोत. सकाळी चहा-खारी, शाळेच्या डब्यात पोळी-भाजी, संध्याकाळी चहाबरोबर शेव किंवा चिवडा आणि रात्री भाकरी-भाजी किंवा खिचडी, असे माझे खाणे असते. माझ्या भुसावळच्या नणंदबाई स्पिरुलिनाच्या, म्हणजे शेवाळाच्या गोळ्या विकतात. प्रत्येकी ५०० मिलिग्रॅमच्या रोज सहा गोळ्या, तीन महिन्यांचा कोर्स, किंमत ४,५०० रुपये. त्यांची स्वतःची साखर या गोळ्यांनी उतरली. त्या म्हणतात, हार्मोन्स पुन्हा जागेवर येतील, डॉक्टरांची गोळी सुरूच करू नको. सासूबाईंनाही या गोळ्या द्याव्यात असा त्यांचा आग्रह आहे. सासूबाईंच्या हृदयाची झडप बदललेली आहे व त्या रक्त पातळ ठेवण्याची गोळी घेतात. मी काय करावे? नणंदबाईंना दुखवायचे नाही. ता. क. : घरची केळीची बाग असूनही सहा महिन्यांत मी एकही केळ खाल्लेले नाही. हे बरोबर आहे ना?"

ताई, सप्रेम नमस्कार.

आपण विचारलेल्या क्रमाने उत्तर न देता सर्वांत निकडीची गोष्ट आधी सांगते, कारण ती थांबण्यासारखी नाही. सासूबाईंना या गोळ्या देऊ नका. कृत्रिम झडप बसवलेल्या रुग्णाला वॉरफरिन किंवा त्याच जातीचे जे औषध दिले जाते, ते शरीरातील 'के' जीवनसत्त्वाच्या कामात अडथळा आणून रक्ताची गुठळी होऊ देत नाही. हिरव्या शेवाळांत हेच जीवनसत्त्व असते. क्लोरेला नावाच्या शेवाळात तर ते भरपूर असते, आणि बाजारातील अनेक हिरव्या गोळ्यांत स्पिरुलिना व क्लोरेला एकत्र केलेले असतात. औषधाचा परिणाम त्यामुळे कमी झाला तर झडपेवर गुठळी धरू शकते, आणि ते जिवावर बेतणारे असते. अशा रुग्णांचा आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला लागणाऱ्या वेळेचा आकडा, ठरावीक काळाने तपासून औषधाची मात्रा बेतलेली असते. ही घडी त्यांच्या हृदयविकार तज्ज्ञांना विचारल्याशिवाय कोणत्याही गोळीने, काढ्याने किंवा पावडरीने मोडू नये. नणंदबाईंना हे आजच फोन करून सांगा. आपल्या आईच्या जिवाची गोष्ट आहे म्हटल्यावर त्यांना राग येईल असे मला वाटत नाही.

आता आपल्याविषयी. "खाणे वाढलेले नसतानाही" हे शब्द आपण लिहिले आहेत, आणि मला ते पूर्ण खरे वाटतात. जळगावात आहारतज्ज्ञ म्हणून काम करताना पन्नाशीच्या आसपासच्या कितीतरी स्त्रियांकडून मी हेच वाक्य ऐकले आहे, आणि बहुतेकींना घरातून "चोरून खात असशील" असेच उत्तर मिळालेले असते. भारतात पाळी थांबण्याचे सरासरी वय साधारण ४६-४७ वर्षे आहे, म्हणजे आयुष्याचा तिसरा हिस्सा त्यानंतरचा असतो. तरीही त्या काळात शरीरात काय बदलते हे आपल्याकडे मुलींनाही सांगितले जात नाही आणि आयांनाही नाही.

अंडाशयातून येणारे इस्ट्रोजेन कमी झाले की त्याचा परिणाम गर्भाशयापुरता राहत नाही. तोपर्यंत मांड्यांवर व नितंबांवर साठणारी चरबी पोटाकडे वळते आणि आतड्यांभोवती, यकृताजवळ साठू लागते. ही आतली चरबी स्वस्थ बसून राहत नाही. तिच्यातून सुटणारी स्निग्धाम्ले यकृतात जातात, यकृत त्यांपासून ट्रायग्लिसराइड तयार करून रक्तात सोडते, आणि इन्सुलिनचे म्हणणे पेशी पूर्वीइतके ऐकेनाशा होतात. यकृताच्या पेशींवर एलडीएल कोलेस्टेरॉल उचलून घेणारी जी ग्राहके असतात, त्यांनाही इस्ट्रोजेनचा आधार असतो. तो गेला की एलडीएल रक्तात अधिक काळ फिरत राहते, आणि म्हणूनच शेवटच्या पाळीच्या आगेमागे एक-दोन वर्षांत ते चढलेले दिसते. याच काळात स्नायूही घटू लागतात. जेवणानंतर रक्तात आलेल्या साखरेचा सर्वांत मोठा वाटा स्नायू उचलतात. ते घटले म्हणजे साखर ठेवायला जागाच कमी पडते, आणि शरीराला दिवसभरात लागणारी ऊर्जाही कमी होते. दहा वर्षांपूर्वी जेवढी भाकरी आपल्याला पुरती होती, तेवढीच आज थोडी जास्त होते, ती अशी. त्यात रात्री अंगातून वाफा येऊन झोप मोडत असेल तर दुसऱ्या दिवशी भूक वाढते आणि साखरही चढी राहते.

चयापचय बिघडला आहे हे ठरवण्याचे पाच निकष आहेत. आपल्याकडील स्त्रियांसाठी कमरेचा घेर ८० सेंटिमीटर किंवा अधिक, ट्रायग्लिसराइड १५० किंवा अधिक, एचडीएल (चांगले कोलेस्टेरॉल) ५० पेक्षा कमी, रक्तदाब १३०/८५ किंवा अधिक आणि उपाशीपोटी साखर १०० किंवा अधिक. पाचांपैकी तीन लागू झाले की त्याला मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात, आणि आपले तीन आकडे आत्ताच त्यात बसतात. एचबीएवनसी ५.७ ते ६.४ असणे म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर असणे. हा उंबरठा ओलांडलाच पाहिजे असे नाही. अनेक जणी तेथून मागे फिरतात. मात्र त्यासाठी काय करायचे हे नेमके ठरवावे लागते, आणि हिरव्या गोळीचा प्रश्न खरा तेथेच येतो.

स्पिरुलिनाला आपण शेवाळ म्हणतो, पण शास्त्राच्या दृष्टीने तो सूर्यप्रकाशावर वाढणारा निळसर-हिरवा जीवाणू आहे. खाऱ्या, क्षारयुक्त पाण्यात तो आनंदाने वाढतो. आपल्या शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराचे पाणी एरवी जे हिरवेगार दिसते, ते मुख्यतः त्याच्यामुळे. आफ्रिकेतील चाड सरोवराकाठचे लोक तो वाळवून वड्या करतात व कालवणात घालतात, आणि मेक्सिकोतील अझ्टेक लोक टेक्सकोको सरोवरातून तो काढून खात असत. म्हणजे हे कोणी कालपरवा शोधलेले थोतांड नव्हे. पुष्कळ पिढ्यांनी खाल्लेले अन्न आहे. हे मी मुद्दाम सांगते, कारण नणंदबाई आपल्याला विष विकत नाहीत आणि मी त्यांच्याविरुद्ध बोलते आहे असे त्यांना वाटू नये.

साखरेवर व चरबीवर त्याचा उपयोग होतो का, याचे प्रामाणिक उत्तर "थोडासा, बहुधा" असे आहे. नंदुरबारची हद्द ओलांडून सुरतेमार्गे आपण ज्या बडोद्याला जातो, तेथील महाराजा सयाजीराव विद्यापीठातील संशोधकांनी २००१ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. मधुमेहाच्या २५ रुग्णांचे दोन गट करून एका गटाला दोन महिने रोज २ ग्रॅम स्पिरुलिना दिले, तेव्हा त्या गटाची साखर, एचबीएवनसी आणि ट्रायग्लिसराइड उतरलेले आढळले. पुढे इतर देशांतही असे प्रयोग झाले, आणि ते एकत्र करून पाहिले असता कोलेस्टेरॉल, ट्रायग्लिसराइड व उपाशीपोटीची साखर यांत लहानशी घट दिसते. एचबीएवनसीच्या बाबतीत मात्र निष्कर्ष एकसारखे येत नाहीत. त्यातील फायकोसायनिन हे निळे रंगद्रव्य व काही स्निग्धाम्ले हे काम करत असावीत असे मानले जाते. पण २५ माणसे आणि दोन महिने हा आकडा आपण लक्षात घ्यायला हवा. बहुतेक प्रयोग असेच लहान व थोड्या काळाचे आहेत, आणि पाळी थांबलेल्या स्त्रियांवर वेगळ्याने केलेले प्रयोग फारच थोडे आहेत. त्या विषयावर जे लिहिले जाते त्यातील बराच भाग अंडाशय काढलेल्या उंदीर-घुशींवरील प्रयोगांचा असतो. त्यावरून आपल्या ६.१ चे काय होईल हे कोणालाही सांगता येणार नाही.

नणंदबाईंच्या पत्रकात बहुधा "साठ टक्के प्रथिने" असे ठळक छापलेले असेल. ते खरे आहे, स्पिरुलिना वाळवल्यावर साधारण तेवढी प्रथिने निघतात. पण साठ टक्के कशाचे, हे विचारायला हवे. आपल्या सहा गोळ्या मिळून ३ ग्रॅम होतात, त्यात प्रथिने पावणेदोन ग्रॅम. तीन महिन्यांचा अख्खा कोर्स २७० ग्रॅमचा, त्यात प्रथिने सुमारे १६० ग्रॅम. एवढी प्रथिने पाऊण किलोहूनही कमी उडदाच्या डाळीत मिळतात. उडदाची डाळ आपल्या खान्देशात कोणाच्या घरी नाही? किंमत मी लिहीत नाही, यावलच्या बाजारात आपणच पाहा. लोहाचेही तसेच: शंभर ग्रॅमचा आकडा डोळे दिपवणारा असतो, आणि ३ ग्रॅममध्ये एक मिलिग्रॅमही भरत नाही.

'बी१२' जीवनसत्त्वाबद्दल मात्र मला जास्त आवर्जून सांगायचे आहे, कारण येथे केवळ पैसे जात नाहीत, नुकसानही होऊ शकते. शाकाहारी व्यक्तींसाठी स्पिरुलिना हा बी१२ चा उत्तम स्रोत आहे असे सांगितले जाते. त्यातील बहुतांश बी१२ हे खऱ्या बी१२ सारखे दिसणारे, पण मानवी शरीराला वापरता न येणारे संयुग आहे. आपण शाकाहारी आहात, आणि डॉक्टरांनी लिहून दिलेले मेटफॉर्मिन अनेक वर्षे घेतल्यास बी१२ कमी होऊ शकते हे चांगले सिद्ध झालेले आहे. बी१२ साठी हिरव्या गोळीवर विसंबून राहिल्यास हातापायांना मुंग्या व बधिरपणा येईपर्यंत कमतरता लक्षात येत नाही, आणि मग तो मधुमेहाचाच त्रास समजला जातो. पुढच्या तपासणीत बी१२ अवश्य पाहून घ्या आणि कमी असेल तर डॉक्टरांकडून बी१२ चेच औषध घ्या.

"हार्मोन्स जागेवर येतात" हे विधान मी कोणत्याही अटीवर मान्य करू शकत नाही. पाळी थांबते ती अंडाशयातील बीजकोशांचा साठा संपत आल्यामुळे, आणि तो साठा कोणत्याही अन्नाने पुन्हा भरत नाही. येथे एक धोक्याची सूचना माझ्याकडून वाचकांपैकी प्रत्येकीला. बारा महिने पाळी पूर्ण बंद राहिल्यावर पुन्हा रक्ताचा डाग जरी दिसला, तरी ती "हार्मोन्स परत आल्याची" किंवा "शरीर शुद्ध होत असल्याची" खूण समजू नका. त्याच आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. बहुतेक वेळा कारण साधे निघते, पण गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाची ती पहिली खूण असू शकते, आणि लवकर कळला तर तो बहुतेक वेळा बरा होतो.

आता नणंदबाईंची साखर उतरली ती कशी? त्या खोटे बोलत नाहीत, असे धरूनच मी लिहिते. अशा कोर्सबरोबर जवळजवळ नेहमी आहाराचा एक तक्ता असतो: चहात साखर नाही, मैदा नाही, तळलेले नाही, रात्रीचे जेवण आठच्या आत, रोज अर्धा तास चालणे. माझ्याकडे आलेल्या एका बाईंनी असाच कोर्स केला होता आणि तीन महिन्यांत पाच किलो वजन उतरवले होते. मी त्यांच्याकडून तो तक्ता मागून घेतला, तेव्हा मी स्वतः रुग्णांना जे लिहून देते त्याच्याशी तो ओळीओळीने जुळत होता. कष्ट त्या बाईंनी केले होते आणि श्रेय गोळीला मिळाले. दुःख याचे की पैसे संपल्यावर गोळ्या बंद झाल्या, तेव्हा "आता कोर्स नाही" म्हणून त्यांनी तक्ताही सोडला आणि वजन परत आले. नणंदबाईंनी कोर्सबरोबर आणखी काय काय बदलले होते, एवढे त्यांना प्रेमाने विचारा. उत्तर आपल्या दोघींच्याही उपयोगी पडेल.

आपल्याला थायरॉइडचा त्रास आहे, म्हणून तीन गोष्टी. गोळ्यांच्या डबीवर केल्प, कोम्बू किंवा समुद्री शेवाळ असा उल्लेख असेल तर ती डबी घेऊच नका. वाळलेल्या केल्पच्या एका ग्रॅममध्ये हजार मायक्रोग्रॅमहून अधिक आयोडीन असू शकते, आणि प्रौढ माणसाची दिवसाची गरज १५० मायक्रोग्रॅम आहे, जी आयोडीनयुक्त मिठातून भागते. इतका अतिरेक झाला तर थायरॉइडची घडी दोन्ही बाजूंना बिघडू शकते. दुसरे, आपला थायरॉइड शरीराच्या स्वतःच्याच प्रतिकारशक्तीने बिघडलेला आहे का, हे डॉक्टरांना विचारा. मध्यमवयीन स्त्रियांत हे कारण फार आढळते. स्पिरुलिना प्रतिकारशक्तीला चेतवते असे दिसते आणि अशा आजारांत ते टाळण्याचा सल्ला दिला जातो. तिसरे, थायरॉइडची गोळी उपाशीपोटी साध्या पाण्याबरोबरच घ्यावी, आणि लोह किंवा कॅल्शियम असलेल्या कोणत्याही गोळीत व तिच्यात चार तासांचे अंतर ठेवावे. सकाळी दोन्ही एकदम घेतल्यास आपली जुनी, कामाची गोळीच वाया जाईल.

शुद्धतेचा प्रश्नही आहे. शेवाळ ज्या पाण्यात वाढते त्यातील शिसे, पारा यांसारखे जड धातू ते शोषून घेते, आणि उघड्या पाण्यात वाढवले तर त्याच्यात यकृताला घातक विष तयार करणारी दुसरी शेवाळे मिसळू शकतात. म्हणून उन्हाळ्यात गावतळ्यावर येणारी हिरवी साय गोळा करून कोणी "घरचे स्पिरुलिना" म्हणून दिले तर ते कदापि खाऊ नये. डबीवर अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा चौदा अंकी परवाना क्रमांक आहे का ते पाहा आणि जड धातूंच्या तपासणीचा अहवाल मागून घ्या. आपल्याकडील नियमांनुसार अशा डबीवर "औषधी उपयोगासाठी नाही" हे इंग्रजीत किंवा हिंदीत छापावे लागते. ती ओळ शोधा आणि नणंदबाईंनाही दाखवा. मधुमेह बरा करण्याची जाहिरात करण्यास १९५४ च्या औषधे व जादूई उपचारविषयक कायद्याने मनाई आहे, हे त्यांना ठाऊक नसण्याचीच शक्यता जास्त. कंपनीने त्यांच्या हातात जे पत्रक दिले तेच त्या वाचून दाखवत असतील, पण अडचणीत आल्या तर त्याच येतील.

मेटफॉर्मिन सुरू करू नको, हा सल्ला नणंदबाईंनी द्यायचा नाही आणि मीही देणार नाही. मात्र डॉक्टरांना आपण एक प्रश्न अवश्य विचारू शकता. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन व त्यांच्या सहकाऱ्यांनी आपल्याच देशातील, मधुमेहाच्या उंबरठ्यावरील ५३१ लोकांचा अभ्यास करून २००६ मध्ये तो प्रसिद्ध केला. ज्यांना केवळ सर्वसाधारण सल्ला दिला होता त्यांच्यातील ५५ टक्के लोकांना तीन वर्षांत मधुमेह झाला. ज्यांचा आहार व चालणे यांचा नेटाने पाठपुरावा केला त्यांच्यात हे प्रमाण ३९ टक्क्यांवर आले, आणि ज्यांना मेटफॉर्मिन दिले त्यांच्यातही ते जवळजवळ तेवढेच, ४० टक्के राहिले. म्हणजे ताट आणि पाय या दोन गोष्टींचे वजन एका सिद्ध औषधाएवढे भरले. "मला तीन महिने नेटाने हे करून पाहता येईल का, की माझ्या बाबतीत गोळी लगेच हवी?" असे डॉक्टरांना सरळ विचारा. ते जे म्हणतील ते माना. दोन्ही एकत्र चालू ठेवण्यासही काही हरकत नसते.

आपल्या ताटाचा हिशेब मी केला. चहा-खारी, पोळी-भाजी, चहा-शेव, भाकरी-भाजी: यात उपाशी राहिलेले आहेत ते स्नायू. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात. आपण रोज ५५ ग्रॅमचे लक्ष्य ठेवा. त्यासाठी नवे काही विकत आणण्याची गरज नाही, आपल्या आजीचे स्वयंपाकघर आठवले तरी पुरे. ज्वारीत उडीद मिसळून दळलेल्या कळण्याची भाकरी ही मी पाहिलेल्या उत्तम आहारांपैकी एक आहे. ज्वारीच्या प्रथिनांत जे कमी असते ते उडदातून मिळते, आणि नुसत्या गव्हाच्या पोळीपेक्षा ती पोटात जास्त वेळ टिकते. दोन्ही वेळच्या मिळून तीन भाकरी पुरेत. त्यांच्याबरोबर रोज मूठ-दीड मूठ कोरड्या डाळीचे वरण किंवा उडदाची डाळ, मटकी-मुगाची एक वाटी उसळ, मूठभर शेंगदाणे आणि दूध, दही, ताक मिळून दोन कप, एवढ्यात पंचावन्न ग्रॅम भरतात. फुणके आणि कढी हा आपला लग्नकार्यातही न लाजणारा पदार्थ आठवड्यातून एकदा तरी करा. भिजवलेली डाळ वाटून वाफवलेली असते, तेल फक्त वरून घेऊ तेवढेच. सकाळची खारी मात्र बंद करा. तिच्याऐवजी रात्री भिजवलेले मूग किंवा हरभरे खा. खारीतील मैदा व वनस्पती तूप ट्रायग्लिसराइडला थेट खतपाणी घालतात. शेवभाजीचा तवंग, वांग्याच्या भरिताबरोबरच्या पुऱ्या, शाळेतून आल्यावरची शेव यांचेही तसेच आहे. भरीत सोडू नका. भरितात काही वाईट नाही. पुरीच्या जागी कळण्याची भाकरी घ्या.

जवसाची चटणी रोज चमचाभर असू द्या. शेवाळापासून काढलेल्या ओमेगा तेलाच्या कॅप्सूलही हल्ली शाकाहारींसाठी मिळतात व त्यातील डीएचए (माशांच्या तेलात असते तेच ओमेगा स्निग्धाम्ल) खरे असते. पण ट्रायग्लिसराइड औषधासारखे उतरवायला दिवसाला काही ग्रॅम ओमेगा लागते, आणि एका कॅप्सूलमध्ये ते बहुधा दोन-तीनशे मिलिग्रॅमच असते.

प्रथिने खाल्ली तरी स्नायूंना काम दिल्याशिवाय ती तेथे जात नाहीत. शाळेत दिवसभर उभे राहणे आणि घरी राबणे हा थकवा असतो, व्यायाम नसतो. पाळी थांबल्यावर मला स्वतःलाही हा फरक समजायला दोन वर्षे लागली. आठवड्यातून तीन दिवस पंधरा मिनिटे पुरेत. हात न टेकता खुर्चीवरून उठणे-बसणे दहा वेळा, भिंतीला हात लावून दंड काढल्यासारखे दहा वेळा, टाचा वर करून उभे राहणे पंधरा वेळा, दोन्ही हातांत एकेक लिटर पाण्याची बाटली घेऊन ती डोक्यावर नेणे दहा वेळा, आणि हे सगळे दोनदा. पहिल्या आठवड्यात निम्मेच करा. गुडघे दुखत असतील तर खुर्चीवर उशी ठेवून ती उंच करा. यामुळे हाडांनाही बळ मिळते, आणि पाळी थांबल्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांतच हाडे सर्वांत झपाट्याने झिजतात. चालणे रोज अर्धा तास हवे, त्यातील दहा-पंधरा मिनिटे रात्रीच्या जेवणानंतर लगेच, कारण त्या वेळी चालणारे पाय रक्तातील साखर तिथल्या तिथे उचलतात. आपल्याकडचा मे महिना मला माहीत आहे. पारा ४४-४५ वर असताना दिवसा चालायला जा असे मी म्हणणार नाही. उजाडण्यापूर्वी, किंवा रात्री गच्चीवर.

एवढे वाचूनही नणंदबाईंच्या समाधानासाठी गोळ्या घ्याव्याशा वाटल्या, आणि थायरॉइडबाबत डॉक्टरांनी हरकत घेतली नाही, तर मी अडवणार नाही. संधिवाताचा गाऊट हा प्रकार किंवा युरिक अॅसिड वाढलेले असेल तर मात्र नको. परंतु मग हिशेब चोख ठेवा. पहिले तीन महिने (डॉक्टरांनी सांगितलेले औषध असेल तर ते चालू ठेवून) फक्त आहार व व्यायाम करून तपासणी करा, आणि त्यानंतर हवे असेल तर पुढचे तीन महिने गोळ्या जोडून पुन्हा तपासणी करा. तांबड्या पेशींचे आयुष्य सुमारे १२० दिवसांचे असल्याने एचबीएवनसीचे खरे चित्र तीन महिन्यांनीच दिसते. दोन्ही एकदम सुरू केले तर कशाने काय झाले हे कधीच कळणार नाही. कमरेचा घेर दर महिन्याच्या एकाच तारखेला, सकाळी, श्वास सोडून, बेंबीच्या पातळीवर मोजा आणि वहीत लिहून ठेवा. माझ्या अनुभवात वजनाआधी तो उतरतो. मळमळ, अंगावर पुरळ, गडद लघवी किंवा डोळे पिवळे दिसल्यास गोळ्या त्याच दिवशी बंद करून डॉक्टरांना दाखवा.

नणंदबाईंना नकार देताना गोळीच्या गुणदोषांवर वाद घालू नका. आपण असे म्हणू शकता: "ताई, माझी थायरॉइडची गोळी चालू आहे, म्हणून डॉक्टरांनी तीन महिने थांबायला सांगितले आहे. तोवर तुमचा तो आहाराचा तक्ता मला द्या, आपण दोघी मिळून तो पाळू." रोज रात्री फोनवर आज काय खाल्ले, किती चाललो हे एकमेकींना सांगा. अशी सोबत असलेल्या स्त्रिया नेम टिकवतात हे मी वारंवार पाहिले आहे. आणि त्यांनी कोर्स घेऊन तीन महिने झाले असतील तर त्यांचीही तपासणी आपल्याबरोबरच करून घ्या. त्यांनी स्वतःची मधुमेहाची गोळी बंद केलेली आहे का, हे जरूर विचारा; केली असेल तर त्यांना डॉक्टरांकडे नेणे हे आपल्या स्वतःच्या आकड्यांइतकेच महत्त्वाचे आहे.

राहिली केळी. सहा महिने स्वतःच्या बागेतील केळ न खाता काढलेत, हे वाचून मला फार वाईट वाटले. केळीत साखर आहे, परंतु तंतू आहेत आणि रक्तदाबाला उपकारक असे पोटॅशियमही आहे. मूत्रपिंडाची तपासणी ठीक असेल तर फार न पिकलेले, लहान आकाराचे एक केळ, दुपारी चारच्या सुमारास, शेवेच्या जागी, मूठभर शेंगदाण्यांबरोबर आपण खुशाल खा. शिकरण नको आणि वेफर्सही नकोत. उद्या घड उतरेल तेव्हा वरच्या फणीतले मोठे केळ घरच्यांना द्या आणि खालच्या फणीतले लहान आपल्यासाठी ठेवा.